मान्नाची परीक्षा कोणाची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेलं चिंतन मी लक्षपूर्वक वाचलं. लेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. सीना, मांजरा, गोदावरीच्या काठची पिकं गेली, दावणीची जनावरं वाहून गेली, कितीतरी वावरांतली माती खरवडून जाऊन खाली मुरूम उघडा पडला, हे त्यांनी कळवळून लिहिलं आहे. पण शेवटाला त्यांनी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा आठवा अध्याय पुढे केला आणि म्हटलं, की देवाने इस्राएल लोकांना चाळीस वर्षं रानात उपाशी ठेवून त्यांची परीक्षा पाहिली, तशीच ही मराठवाड्याची परीक्षा आहे. जो धीर धरील त्याला, सर्वस्व गमावलेल्या बायबलमधल्या ईयोबासारखं, दुप्पट मिळेल. हेच बोलणं त्या सुमारास मी एका प्रार्थनासभेत व्यासपीठावरूनही ऐकलं. समोर बसलेल्यांत एक बाई अशी होती, की जिच्या माहेरची चार एकर सोयाबीन पाण्याखाली होती. तिने मान खाली घातली आणि ती वर केलीच नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते लांबलं आहे, पण विषय दोन ओळींत आटपणारा नाही.

मी ख्रिस्ती आहे. जन्म नेवासे तालुक्यातला. नोकरीची सगळी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. निवृत्त झाल्यापासून आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथशाळा (रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग) आणि बायकांचा शास्त्राभ्यास घेते. अनुवादाचा आठवा अध्याय आमच्या घरात पाठ असायचा. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, तरी तिला तो तोंडपाठ होता. तेव्हा त्या अध्यायाचा असा वापर झालेला पाहून मला गप्प बसवत नाही.

हा अध्याय कोणी, कोणाला, कुठे सांगितला ते आधी पाहावं. यार्देन नदीच्या पूर्वेला, मवाबाच्या प्रदेशात, इस्राएल लोकांना मिसर देशातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सोडवून आणणारा मोशे उभा आहे. चाळीस वर्षांचा प्रवास संपलेला आहे. नदीपलीकडे गव्हाचा, जवाचा, द्राक्षांचा, अंजिरांचा, डाळिंबांचा देश आहे, जिथे दगडांत लोखंड आहे आणि डोंगरांतून तांबं काढता येईल. ज्यांच्याशी तो बोलतो आहे ते थोड्याच दिवसांत त्या देशात घरं बांधणार आहेत. त्यांना तो म्हणतो, आठवण ठेवा. देवाने तुम्हाला लीन केलं, तुमची उपासमार होऊ दिली, आणि मग तुम्हाला किंवा तुमच्या बापजाद्यांना ठाऊक नसलेला मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, खाऊ घातला. मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, परमेश्वराच्या मुखातून निघणाऱ्या वचनाने जगतो, हे तुम्हाला कळावं म्हणून. उपासमार तिथे लिहिलेली आहे, मी ती नाकारत नाही. पण हे सांगणारा माणूस स्वतः चाळीस वर्षं तोच मान्ना खाऊन जगला होता आणि नदीपलीकडच्या देशात त्याला स्वतःला पाऊल ठेवायला मिळणार नव्हतं. भूक मागे पडल्यावर, पुढे सुबत्ता दिसत असताना, बरोबर उपाशी राहिलेल्या माणसाने सांगितलेली ही गोष्ट आहे. ज्याच्या घरातून अजून पाणी ओसरलेलं नाही त्याला, कोरड्या अंगणातल्या माणसाने ती सांगावी, यासाठी ती लिहिलेली नाही.

आता प्रत्यक्ष रानात काय घडलं ते निर्गमाच्या पुस्तकात आहे. मिसर देशातून सुटका होऊन महिना झाला होता. दुसऱ्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी लोक सीनच्या रानात आले आणि मोशे व त्याचा भाऊ अहरोन यांच्यावर उसळले. मिसरात मांसाच्या भांड्यांपाशी बसून आम्ही पोटभर भाकर खात होतो, तुम्ही आम्हाला इथे उपाशी मारायला आणलंत, असं त्यांचं म्हणणं. कुरकुरच ती. मिसरातल्या विटांचे साचे आणि मुकादमांचे फटके ते सोयीस्करपणे विसरले होते. पण देवाने काय उत्तर दिलं? ‘पाहा, मी तुमच्यासाठी आकाशातून भाकरीचा वर्षाव करतो.’ आधी रागावला नाही, धीर धरा म्हणाला नाही. संध्याकाळी लावे पक्षी आले आणि सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर हिमकणांसारखं काहीतरी बारीक पडलेलं दिसलं. त्याच्या थोडं आधी मारा या ठिकाणी पाणी कडू निघालं तेव्हाही लोकांनी कुरकुर केली होती. तिथे पाणी गोड करून मिळालं. पुढे रफीदीम इथे पाणी नव्हतं, लोक मोशेला दगडमार करायच्या बेतात होते. तिथे खडकातून पाणी निघालं. तीन ठिकाणी तहानभुकेची ओरड झाली आणि तिन्ही ठिकाणी आधी अन्नपाणी आलं.

आणि ‘परीक्षा’ हा शब्द कुठे येतो ते बघा. भाकरीचा वर्षाव करतो असं जे वाक्य आहे, त्याच वाक्याच्या उत्तरार्धात: लोकांनी रोज बाहेर जाऊन रोजच्यापुरतं गोळा करावं, म्हणजे ते माझ्या नियमाने चालतात की नाही याची मी परीक्षा पाहीन. माराच्या गोष्टीतही परीक्षेचा उल्लेख पाणी गोड झाल्यानंतर येतो. म्हणजे पेपर सुरू होतो तो हातात अन्न पडल्यावर. शास्त्राभ्यासाला येणाऱ्या आमच्या बायकांना मी ही ओळ वाचून दाखवली तेव्हा एकीने पुस्तक माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचून खात्री करून घेतली.

काय होती ती परीक्षा? माणशी एक ओमर, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दोन लिटर. तंबूत जितकी डोकी तितके ओमर. कोणी जास्त गोळा केलं, कोणी कमी, पण मापून पाहिलं तेव्हा जास्तवाल्याचं उरलं नाही आणि कमीवाल्याला उणं पडलं नाही. सकाळपर्यंत शिल्लक ठेवायचं नाही. काहींनी ठेवलंच, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. मोशे त्यांच्यावर रागावला. इथे पहिल्यांदा राग येतो. तो उपाशी ओरडणाऱ्यांवर आलेला नाही. पोट भरल्यावर जे शेजाऱ्याच्या नजरेआड रांजण भरून ठेवतात, त्यांच्यावर आलेला आहे.

मान्ना दिसायला कसा, हेही लिहून ठेवलं आहे. धण्यासारखा बारीक, पांढरा, चव मधाच्या पोळीसारखी. गणनेच्या पुस्तकात तर बायकांच्या कामाचंही वर्णन आहे. लोक तो जात्यावर दळत, उखळात कुटत, भांड्यात शिजवत आणि त्याच्या पोळ्या करत. देवाने आकाशातून दिलं, पण दळण माणसांनाच करावं लागलं. मला ही ओळ फार आवडते. चाळीस वर्षं, रोज पहाटे उठून, ऊन चढायच्या आत वेचायचं, कारण उन्हाने ते वितळून जायचं. मग दळायचं, कुटायचं, भाजायचं. यात माणूस लीन होतो. कोठार नाही, बाजार नाही, ‘माझं शेत’ म्हणायला काही नाही. उद्याचं उद्या दुसऱ्याच्या हातून यायचं आहे, हे रोज सकाळी वाकून मान्य करायचं.

मी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. तेव्हा मी नुकती शाळेत जाऊ लागले होते. आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं आणि आई खडी फोडायला जाऊ लागली. रोजगार हमीची सुरुवात वि. स. पागे यांच्या विचारातून झाली हे मी पुढे शिक्षिका झाल्यावर वाचलं. तेव्हा आम्हाला फक्त मस्टर आणि मुकादम हेच शब्द माहीत होते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. कामावर सुकडी मिळायची. आई तिच्या वाटची थोडी पदराच्या टोकाला बांधून आणायची आणि आम्ही भावंडं ती गाठ सुटायच्या आधी तिच्याभोवती उभी असायचो. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा. तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा नसायचा, थापताना भाकरीच्या कडा फाटायच्या. आई उकळत्या पाण्यात पीठ मळून कशीबशी थापायची आणि तव्यावर टाकताना तळव्यातच ती दुभंगायची. दोन तुकडे तव्यावर जोडून भाजलेली ती लालसर भाकरी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. गावात लोक म्हणायचे, तिकडे हे जनावरांना घालतात आणि आपल्याला पाठवतात. आईही म्हणायची. पण भाकरी भाजून झाली की ती खाण्यापूर्वी प्रार्थना करायची आणि त्या प्रार्थनेत मिलोबद्दल तक्रार नसायची.

त्या खडीच्या ढिगांवर कोण कोण बसलं होतं, ते मला विशेष आठवतं. ज्यांच्या घरी बारा महिने सालगडी असायचे, त्या घरच्या बायका तोंडावर पदर ओढून आमच्या आयांच्या शेजारी दगड फोडत होत्या. विहिरी आटल्या तेव्हा विहिरींची मालकीही आटली. टँकरपाशी सगळ्यांचे हंडे एका रांगेत लागले. सुकडीच्या रांगेत कोणी कोणाची जात विचारली नाही, निदान मोठ्याने नाही. आमचे वडील म्हणायचे, देवाने सगळ्यांना एका ओळीत बसवलं.

मग पाऊस झाला. पुढच्या दोन हंगामांत विहिरी भरल्या आणि ज्याच्या त्याच्या विहिरीवर ज्याचं त्याचं पाणी पुन्हा वेगळं झालं. आमची आई ज्या बाईच्या मांडीला मांडी लावून खडी फोडत होती, तिच्याच विहिरीवर आईला हंडा लांब ठेवून उभं राहावं लागलं. तेव्हा आईने घरी येऊन आठवा अध्याय म्हटला. पहिल्या ओळी सगळ्यांना माहीत असतात, तिने पुढच्या म्हटल्या: तू खाऊन तृप्त होशील, चांगली घरं बांधून राहशील, तुझी गुरंढोरं वाढतील, सोनंरुपं वाढेल, तेव्हा तुझं मन उन्मत्त होऊन तू परमेश्वराला विसरशील. आणि तू मनात म्हणशील, माझ्याच सामर्थ्याने आणि माझ्याच बाहुबलाने मी हे धन मिळवलं. त्या अध्यायाचं सगळं वजन या ओळींवर आहे. रानातल्या भुकेची आठवण मोशेने करून दिली ती इथवर येण्यासाठी. आपल्या चिंतनात आणि त्या व्यासपीठावर नेमक्या ह्याच ओळी गळाल्या.

गणनेच्या अकराव्या अध्यायातली कुरकुर मात्र वेगळी आहे. तोवर मान्ना रोज मिळत होता, कोणी उपाशी नव्हतं. तरी लोक रडू लागले: मिसरात फुकट मिळणारे मासे आठवतात, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतात; इथे या मान्नाशिवाय दृष्टीला काही पडत नाही. त्या वेळी देवाचा कोप झाला. लावे आले ते इतके, की कमीत कमी गोळा करणाऱ्याचेही दहा होमर झाले, एका होमरमध्ये शंभर ओमर. माणशी एक ओमर हे माप असताना! मांस दातांत असतानाच मरी आली आणि त्या जागेला वासनेच्या कबरी असं नाव पडलं. उपाशी माणसाचं ओरडणं आणि जेवलेल्या माणसाने ताटाला नाक मुरडणं, या दोन्हींना मराठीत कुरकुरच म्हणतात, पण देवाने त्यांचा निवाडा एकसारखा केलेला नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. मदतीसाठी रस्त्यावर येणाऱ्या शेतकऱ्याला श्रद्धा कमी पडते म्हणायचं, आणि उपासनेत साक्ष द्यायला उभा राहून ‘देवाने मला दुसरी चारचाकी दिली’ म्हणणाऱ्याला आशीर्वादित म्हणायचं.

शाळेतली एक गोष्ट सांगते. शाळांत खिचडी शिजू लागली त्यानंतरच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. तो अर्धी खिचडी खायचा आणि अर्धी स्टीलच्या छोट्या डब्यात भरून दप्तरात ठेवायचा. डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. त्याच्या वह्यांच्या कडांना हळदीचे पिवळे डाग पडलेले असायचे आणि दुपारनंतर दप्तराला आंबूस वास यायचा. विचारलं तर म्हणाला, घरी लहान बहीण आहे. शनिवारी तो अस्वस्थ असायचा, कारण रविवारी शाळा नाही. आता त्याला कोणी मान्नाचा नियम सांगावा का, की उद्यासाठी साठवू नकोस, किडे पडतील? नियम सांगणाऱ्याने आधी मान्नाची व्यवस्था नीट वाचावी. सातव्या दिवशी विसावा होता, मान्ना पडणार नव्हता, म्हणून सहाव्या दिवशी दुप्पट मिळत असे आणि त्या एका दिवसाचं ठेवलेलं नासत नसे. सुट्टीच्या दिवशी लेकरं काय खातील याचा विचार देवाने आदल्या दिवशीच केलेला होता. साठवू नको हे सांगण्याचा अधिकार त्यालाच होता, कारण उद्याचं देण्याची जबाबदारी त्याने घेतली होती. आमच्या स्वयंपाकीणबाईंनी त्या मुलाला शनिवारी मोठा डबा आणायला सांगितला. त्या हिंदू, मी ख्रिस्ती. निर्गमाचा सोळावा अध्याय त्यांनी कधी ऐकलाही नव्हता.

घेणाऱ्याने लीन होणं म्हणजे काय, हे पाहायचं तर एलीयाकडे पाहावं. एवढा संदेष्टा, अहाब राजाच्या तोंडावर दुष्काळ जाहीर करून आलेला. त्याला देवाने करीथ ओहोळापाशी लपायला लावलं आणि सकाळ-संध्याकाळ कावळ्यांकडून भाकर आणि मांस पाठवलं. कावळा मोशेच्या नियमशास्त्रात अशुद्ध पक्ष्यांत मोडतो. मग ओहोळही आटला. त्याने पाऊस बंद होईल असं सांगितलं होतं, त्याचे चटके त्यालाही बसले. पुढे देवाने त्याला कोणा श्रीमंत भक्ताकडे पाठवलं नाही. सीदोनाच्या सारफथ गावी, परक्या देशातल्या, परक्या धर्मातल्या एका विधवेकडे पाठवलं. अहाबाची राणी ईजबेल त्याच सीदोनी लोकांतली. ती विधवा वेशीपाशी काटक्या वेचत होती. मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल एवढंच उरलं होतं. माझ्यासाठी आणि मुलासाठी शेवटची भाकर करीन, ती खाऊन आम्ही मरू, असं ती म्हणाली. त्या घरातलं पीठ आणि तेल पाऊस पडेपर्यंत संपलं नाही, हे सगळे सांगतात. पण मला त्या संदेष्ट्याचं त्या दारात उभं राहणं जास्त महत्त्वाचं वाटतं. देवाच्या माणसाने एका उपाशी, परक्या बाईपुढे हात पसरायचा. आणि पुढे त्याच घरातला तो मुलगा आजारी पडून मेला तेव्हा एलीयाने तिला ‘ही तुझी परीक्षा आहे’ असं सुनावलं नाही. तिच्या कुशीतून मुलगा उचलून माडीवर नेला आणि देवालाच विचारलं, या विधवेवरही तू असं अरिष्ट का आणलंस? मुलगा जिवंत होऊन आईला परत मिळाला. दुसऱ्याच्या दुःखात भक्ताने काय बोलावं याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. प्रश्न वर पाठवावा, खाली नाही.

आमच्या समाजाला एक टोमणा पिढ्यान् पिढ्या ऐकावा लागला आहे, की तुमचे पूर्वज दुष्काळात भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही, आणि त्याचं कारण योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या, त्यांवर प्रभू येशूने जेवू घातलेली पाच हजार माणसं, उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या. दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत कफर्णहूमला आले तेव्हा प्रभू येशू त्यांना स्पष्ट म्हणाला, तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. त्याला हे आदल्या दिवशी कळत नव्हतं असं नाही. तरी त्याने कोण कशासाठी आलं आहे याची चौकशी न करता सगळ्यांना गवतावर बसवलं आणि जेवू घातलं. हिशेबाचं बोलणं झालं ते लोक जेवल्यावर. माझ्या पणजोबांनी भाकर पाहून हात पुढे केला असेल, तर त्या गवतावर बसलेल्या पाच हजारांपेक्षा त्यांनी वेगळं काय केलं?

भुकेने लीन झालेला माणूस पुढे कसा वागतो याचा दाखला मराठी वाचकाला दूर शोधायला नको. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात गेले. रमाबाई तेव्हा सोळाएक वर्षांच्या होत्या. पुढे भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या, उपास काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली उपाशी मरताहेत, दलालांच्या हाती लागताहेत असं कळलं तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. त्यांना शिकवलं, हाताला काम दिलं, छापखाना चालवायला लावला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली निघालं, तेही त्याच छापखान्यातून. अनुवादाच्या आठव्या अध्यायाचा अर्थ मला विचाराल तर मी केडगावकडे बोट दाखवीन. स्वतः भूक पाहिलेल्या बाईने दुसऱ्याची भूक म्हणजे देवाची परीक्षा असं म्हणून हात झटकले नाहीत.

‘दुप्पट’बद्दलही बोललं पाहिजे, कारण व्यासपीठावर त्याचीच टाळ्या पडतील अशी मांडणी होते. ईयोबाला शेवटी दुप्पट मिळालं हे खरं. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, तीन हजार उंटांचे सहा हजार झाले. पण त्या आधी दोन गोष्टी आहेत. ईयोबाचे मित्र अध्यायामागून अध्याय त्याला समजावत होते, की तुझ्यावर आलं त्यात देवाचा काहीतरी न्याय असणार. देव त्यांच्यावर संतापला. माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, असं त्याने त्यांना सांगितलं. आणि ईयोब काय बोलला होता? तो तर देवाशी भांडत होता! दुसरी गोष्ट अशी, की मेंढरांची गणती येण्यापूर्वी एक साधी ओळ आहे. त्याचे भाऊबंद, बहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे सगळे त्याच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, त्याचं समाधान केलं, आणि प्रत्येकाने त्याला रुप्याचं एक नाणं आणि सोन्याची एक अंगठी दिली. दुप्पट आकाशातून पडलं नाही, सुरुवात सोयऱ्यांच्या अंगठ्यांपासून झाली. ही ओळ मी आजवर एकाही उपदेशात ऐकलेली नाही.

प्रेषित पौलाने तर मान्नाचा हिशेब थेट वर्गणीला लावला. यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो मदत गोळा करत होता. करिंथच्या मंडळीला लिहिताना त्याने आधी मासेदोनियातल्या मंडळ्यांचं उदाहरण दिलं, ज्यांनी स्वतः कंगाल असताना शक्तीबाहेर दिलं. आणि मग निर्गमातलं तेच वाक्य उद्धृत केलं: ज्याने फार गोळा केलं त्याला जास्त झालं नाही, ज्याने थोडं गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. तुमची आजची विपुलता त्यांच्या गरजेला, त्यांची विपुलता उद्या तुमच्या गरजेला. शहरातल्या व्यापारी मंडळीला त्याने मान्नाची परीक्षा घातली. यरुशलेमातल्या गरिबांना परीक्षेत धीर धरा असं पत्र त्याने पाठवलं नाही, त्यांच्याकडे मदत पोहोचवायला तो स्वतः गेला.

मोशेनेही अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात हेच शेतापर्यंत आणून ठेवलं आहे. कापणी करताना एखादी पेंढी वावरात विसरली तर ती आणायला माघारी जाऊ नकोस. जैतुनाची फळं झोडल्यावर फांद्या पुन्हा झोडू नकोस. द्राक्षं खुडल्यावर सरवा वेचू नकोस. ते परक्याचं, अनाथाचं, विधवेचं. तू मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव. रानातल्या लीनतेचं काय झालं हे पाहायची जागा ती, पिकाने भरलेलं वावर.

चिंतन लिहिणाऱ्या लेखकांना माझी नम्र विनंती आहे, की त्यांनी पुढच्या वेळी बाराव्या ओळीपासून अठराव्या ओळीपर्यंतचा भाग घेऊन एक लेख लिहावा. तो पुण्यामुंबईच्या, आणि आमच्या शहरातल्या, पक्क्या छताखालच्या वाचकांना उद्देशून लिहावा. आपण तो छापावा. आमच्या मंडळीत यंदा हंगामाच्या उपासनेला जे धान्य, कोंबड्या, भाज्या, कपडे अर्पणात येतील, त्यांच्या लिलावाचा पैसा चर्चच्या वेशीला रंग देण्यासाठी न वापरता सीनेकाठच्या दोन गावांत रब्बीच्या बियाण्यासाठी द्यावा, असं बायकांच्या बैठकीत ठरलं आहे. त्या गावांत ख्रिस्ती कुटुंबं किती हा प्रश्न बैठकीत निघाला होता. निर्गमाचा सोळावा अध्याय वाचल्यावर तो मागे घेतला गेला. हरभरा आणि ज्वारीचं बियाणं चालेल, पण जिथे मातीच वाहून गेली तिथे आधी गाळ टाकावा लागेल आणि त्याला ट्रॅक्टरचं भाडं लागतं. तेव्हा ज्यांना नुसतं बियाणं न देता डिझेलचा खर्च उचलणं शक्य आहे, अशा वाचकांनी आपापल्या ओळखीच्या गावाशी थेट बोलावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
अहिल्यानगर